अप्पांचे दात आणि दोन कॅमेरे

मिरज स्टेशनवर मामानं सांगून टाकलं, "दोन्हीतला एकच कॅमेरा घरी राहणार. कुठला, ते तू सांगायचं. नीट सांगितलंस तर तो तुझ्या गळ्यात. चेष्टा केलीस तर परत छत्री."

छत्री म्हणजे लाईटची पांढरी छत्री. मामाचा सांगलीत फोटो स्टुडिओ आहे. दहावीत मला गणितानं धरलं, तेव्हापासून लग्नालग्नांत मी ती छत्री धरतोय.

यावेळचं लग्न लांबचं, थेट कुंभकोणमला. नवरा सांगलीचा, नवरी तिथली, पण घरात मराठी बोलणारी. मराठ्यांच्या काळात तिकडं गेलेली ही माणसं अजून तिकडंच आहेत. ओळखीच्या दुकानदारानं दोन सेकंडहँड डीएसएलआर बॉड्या, म्हणजे बिनलेन्सचे कॅमेरे, लग्नापुरत्या वापरायला दिल्या होत्या. कंपनी एक, मॉडेलं पाठोपाठची, किंमत जवळपास सारखी, आमच्या लेन्सा दोन्हीला बसतात. शेजारी ठेवल्या तर जुळी भावंडं. फरक आवाजाचा. एक दाबला की खटॅक! दाबून धरला तर खटाखटाखटा. दुसरा नुसता 'चुक' करतो, पण भराभर फोटो काढण्यात जरा मागं पडतो. मी नावं ठेवली, खटक्या आणि मुका.

"खटक्याच घ्यायचा," मामा गाडीतच म्हणाला. "गिऱ्हाईकाला आवाज लागतो. आवाज झाला की वाटतं, पैसे वसूल."

"मग फटाके घेऊ की, स्वस्त पडतील."

टपली बसली.

जाणार असाल तर ऐका. मिरजेहून बेंगळूर, तिथून संध्याकाळी मैलाडुतुरैकडं जाणारी गाडी धरा, सकाळी कुंभकोणम. रिझर्वेशन लवकर करा. उतरल्या उतरल्या डिग्री कॉफी, म्हणजे तिथली दाट फिल्टर कॉफी, प्या. पितळेच्या पेल्यातून वाटीत, वाटीतून पेल्यात असं करत प्यायची. मी स्टाईल मारायला पेला उंच धरला आणि निम्मी कॉफी मामाच्या चपलेत. देवळं दुपारी बंद असतात, तेव्हा ऊन डोक्यावर घेऊन दारात बसू नका, आमच्यासारखं.

संध्याकाळी महामहम तळ्यावर दोन्ही कॅमेरे चालवून बघितले. खटक्या वाजला की पायरीवरची कबुतरं उडाली आणि अंघोळ करणारे एक आजोबा पोट आत ओढून उभे राहिले. मुक्यानं त्याच आजोबांना पोटासकट टिपलं. अंधार पडल्यावर मात्र दोघंही सारखेच, फोटोत सारखेच रवाळ दाणे. मामा म्हणाला, "बघ, काही फरक नाही." मी मुक्यातलं आजोबांचं पोट दाखवलं.

दुसऱ्या दिवशी नवरी, पद्मा, साडी आणायला तिरुभुवनमला निघाली. आम्हीही बसनं सोबत. मैलाडुतुरैच्या रस्त्यावर जवळच आहे. गल्लीत शिरलं की घराघरातून हातमागाचा आवाज येतो. रेशमी साड्या विणकरांच्या सोसायटीत मिळतात. भाव विचारायला पैसे पडत नाहीत, मी सगळ्यांचे विचारले.

येताना पद्मा हळूच म्हणाली, "दादा, एक काम होईल का? अप्पांचा हसरा फोटो हवा. एकही नाही मजकडे. घरात हसतात, तेही तोंडावर हात ठेवून. कॅमेरा दिसला की मिटलंच. उद्या मी सांगलीस चालले ना."

अप्पा म्हणजे तिचे वडील. धंद्यानं दातांचे डॉक्टर! अख्ख्या गावाचे दात बघणार आणि स्वतःचे दाखवणार नाहीत.

लग्नाच्या दिवशी नवरा-नवरीला झोपाळ्यावर बसवून बायका भोवती गाणी म्हणत होत्या. सगळे हसत होते. मामानं खटक्या अप्पांकडं वळवला, खटॅक, आणि अप्पा एक्सरेला उभं राहिल्यासारखे. विधीला तेच. जेवताना तेच. केळीच्या पानावर माझं रसम पळत शेजाऱ्याच्या पानात गेलं तेव्हा अप्पा हसले, पण हात तोंडावर.

आमची गाडी संध्याकाळची. पद्मा लांबून माझ्याकडं बघत होती. मग मी मामाची नजर चुकवून खटक्यातलं मेमरी कार्ड काढलं, समोरच्या दातांत धरलं आणि ओठ मिटले.

मामानं अप्पांना खांबाशी उभं केलं. "डॉक्टर, जरा हसा." खटाखटाखटा. चष्मा कपाळावर, त्यामुळं कॅमेऱ्याच्या पडद्यावर आलेलं 'नो कार्ड' मामाला दिसेना. मग चष्मा खाली आला.

"कार्ड कुठंय?" मामानं खिसे चाचपले, बॅग उलटी केली. "अरे, कार्ड कुठंय?"

मी दात दाखवले.

अप्पा सवयीनं पुढं झाले. "आ करा." दोन बोटांनी कार्ड काढलं, तोंडात डोकावले. "दाढ किडली हे तुमची." मग हातातलं कार्ड पाहिलं, मामाचं तोंड पाहिलं, आणि हसू फुटलं. एका हातात कार्ड, दुसऱ्यानं खांब धरलेला. तोंडावर ठेवायला हातच उरला नाही!

माझ्या पोटाशी मुका होता. चुक. चुक. चुक. त्यांना पत्ताच नाही, हसतच राहिले. खटक्या असता तर पहिल्या फोटोलाच मिटले असते.

मामानं आधी माझी मान धरली. मग फोटो बघितला. मग मान सोडली. "मुका ठेवू," एवढंच म्हणाला.

पद्मानं फोटो मोठा करून बघितला. अप्पांचा पुढचा एक दात वाकडा होता, शेजारच्यावर चढलेला.

"माझा अस्साच होता," ती म्हणाली. "लहानपणी अप्पांनीच तार बांधून सरळ केला."

आम्ही सामान आवरायला लागलो.

खटक्या दुकानात परत गेला. मामा आता लग्नात स्टुडिओतला जुना, मेलेला कॅमेरा घेऊन फिरतो. फोटो येत नाही, पण खटॅक झकास वाजतं. लोक ताठ होतात, मग 'झालं' म्हणून सैल सुटतात, तेव्हा मी मुका दाबतो. चेष्टा नको म्हणणारा हाच तो माणूस. दुसऱ्या हातात छत्रीही तोच धरतो. माझी दाढ खरंच किडलेली निघाली.

परवा अल्बम द्यायला पद्माच्या घरी गेलो. अप्पा आले होते. तो फोटो समोरच्या भिंतीवर लावलाय. बघता बघता त्यांना हसू आलं, हात तोंडाकडं निघाला, आणि अर्ध्यातून खाली गेला.

मुका माझ्या गळ्यातच होता. मी दाबला नाही. मामाला सांगू नका.