कोरड्या खडकाचे दिवस

काल दुपारी सुळक्याच्या पायथ्याशी शिरीषदादा खडकावर तळहात टेकवून पाहत होता आणि चटका बसल्यासारखा उचलत होता. मार्च संपत आलेला.

"आता नको," तो म्हणाला. "डिसेंबरात येऊ. खडक थंड असतो, हाताला घाम येत नाही."

दादानंच मला चढाई शिकवली, त्यामुळे वाद घालायचा प्रश्न नव्हता. पावसाळ्यात शेवाळ, पाऊस सरला की गवताखाली सुटे दगड, उन्हाळ्यात हे असं. थंडीच चांगली. पण एका थंडीत माझं बाळंतपण झालं, दुसरीत त्याची आई आजारी पडली, आणि सुळका राहूनच गेला. दादा आता अठ्ठावन्नचा आहे. दोर गुंडाळताना तो मध्येच थांबून बोटं उघडमीट करत होता. मी पाहतेय हे लक्षात येताच त्यानं हात खिशात घातला.

थंडी दरवर्षी येते, म्हणून आपण निवांत असतो. ती येईल तेव्हा आपण कसे असू, हे कुणी विचारत नाही. मला एकदम बसवेना.

"उद्या पहाटे चढू या," मी म्हटलं. "ऊन तापलं की परत."

त्यानं सुळक्याच्या टोकाकडे पाहिलं. मग म्हणाला, "पाचला तयार राहा."

आज अर्ध्यावरच उन्हानं गाठलं आणि आम्ही उतरलो. खाली दादा पाणी प्यायला, बोटं चोळत बसला. मी दोर पिशवीत भरायला लागले.

"राहू दे बाहेरच," तो म्हणाला. "उद्या चारला निघू."