पापडांची पाळी

नांदेडच्या आमच्या गल्लीत उन्हाळ्यात पाच घरचे पापड मिळून लाटतात. ज्या घरचं पीठ भिजेल, त्या घरी बाकी चौघी आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन जातात. चार सकाळी द्यायच्या आणि आपल्या दिवशी चौघींची मदत घ्यायची. गेल्या वर्षी शेजारच्या वहिनींनी मदत घेतली, पण त्या स्वतः कुणाकडेच गेल्या नाहीत.

यंदा पहिली पाळी त्यांची होती. उडदाचं पीठ कुटून तयार झालं, तरी कुणी आलं नाही. ऊन चढत होतं, आणि हे पीठ वाळलं की पापड फाटतो. भिंतीपलीकडे त्या एकट्याच लाटत होत्या.

बायको उठली तेव्हा मी म्हणालो, "तू गेलीस तर न येण्यात फायदा आहे, असंच गल्ली शिकेल."

"हाव. पण कुणीच गेलं न्हाई तर पुढल्या साली चारच घरं राहतील, मग तीन. तुमचं गणित तिथवर करा की!"

थोड्या वेळाने तिचा आवाज आला, "वहिनी, गेल्या साली तुमचं लाटणं हरवलं होतं ना? म्हणून दोन आणलीत."

पलीकडून दोघींचं हसू ऐकू आलं. ते ऐकून आणखी दोघी गेल्या.

फुकट घेणाऱ्याला आळा घालायला राग लागतो, हे मला अजूनही पटतं. तो कधी संपवायचा, हे मात्र मी गणितात मांडलंच नव्हतं.

आमच्या पाळीला वहिनी सगळ्यांच्या आधी आल्या. त्यांचे पापड जाड होतात. बायकोने ते बाकीच्यांसोबतच वाळत घातले.