वासराचा चौथा पाय

माझ्या कपाटात क्रोशानं विणलेलं एक वासरू आहे. तळहातावर मावेल एवढं, तांबूस दोऱ्याचं, कपाळावर पांढरा ठिपका. त्याचे तीन पाय ताठ आहेत आणि चौथा लुळा, म्हणून ते भिंतीला टेकवून ठेवावं लागतं. सूनबाईला ते बघवत नाही. "आई, द्या ना, दहा मिनिटांत पाय भरून देते," असं ती दर दिवाळीच्या साफसफाईला म्हणते आणि दर दिवाळीला मी तिच्यावर खेकसते. ती बिचारी फडकं घेऊन दुसऱ्या खोलीत जाते. तिला मी कारण कधी सांगितलं नाही. सांगायला लागले की रडू येतं, आणि रडू आलं की मला राग येतो.

आम्ही मूळचे महाळुंग्याचे. पिंपरीत औषधाचा नवा कारखाना निघाला, तेव्हा नानांना, म्हणजे माझ्या वडिलांना, तिथं काम लागलं. जमीन आणि जनावरं थोरल्या चुलत्यांकडं सोपवून ते आईला आणि मला घेऊन पिंपरीत एका खोलीत राहायला आले. मी तेव्हा नऊ वर्षांची होते. भाऊबहीण कुणी नव्हतं.

आईला गावच्या माणसांची आठवण फारशी यायची नाही. सासूसासऱ्यांच्या तावडीतून सुटले, असं ती हसत हसत म्हणायची. तिला आठवण यायची ती गोठ्याची. पहाटे जाग आली की ती सवयीनं दार उघडून बाहेर जायची, आणि तिथं हंबरणारं कुणी नाही हे बघून परत आत यायची. मी अंथरुणातून बघत असायची. झोपलेय असं दाखवायची.

शेजारच्या खोलीत एक सिंधी बाई राहायची. फाळणीत घरदार सोडून आलेली. तिला मराठी धड यायचं नाही आणि आईला हिंदीचा गंध नव्हता, पण दुपारी दोघी उंबऱ्यात बसून तासन्‌तास बोलायच्या. काय बोलायच्या देव जाणे. तिच्या हातात कायम क्रोशाची सुई असायची. तिनं आईला साखळी, मुका खांब, खांब असे टाके शिकवले. बाईला वाटलं होतं, ही आता रुमाल विणेल, ताटावरची जाळी विणेल. आईनं रुमाल विणायला घेतला खरा, पण मध्येच दोरा गोल गोल फिरवत नेला. त्याची झाली वाटी, वाटीला तिनं दोन कान काढले, आणि बघतो तर गाईचं तोंड. शेजारीण हसून हसून भिंतीला टेकली.

तिथून आईनं आमचा सगळा गोठा विणायला घेतला. एका शिंगाची म्हैस. फाटक्या कानाची शेळी. बैलांची जोडी, त्यातला डावा जरा आखूड, कारण तो तसाच होता. मी म्हटलं, "आये, दोन्ही सारखे कर की." तर म्हणाली, "सारकं केलं तर त्यो आपला कसा गं?"

जनावराच्या पोटात ती चिंध्या आणि कापूस भरायची. पायांत मात्र गुंतवळ. आताच्या मुलींना गुंतवळ म्हणजे काय तेही माहीत नसेल. केस विंचरताना फणीत जे केस येतात ते बोटाला गुंडाळून त्याची गुंडी करायची आणि डब्यात नाहीतर भिंतीच्या फटीत ठेवायची. महिन्या-दोन महिन्यांनी सुया-पोतवाली बाई दारावर यायची. तिला ते केस द्यायचे आणि त्या बदल्यात सुया, दाभण, मणी घ्यायचे. सगळ्या बायका असंच करायच्या. आईनं मात्र देणं बंद केलं. "कापूस बसतो," ती म्हणायची, "क्येस बसत न्हाई. जनावर पायावर हुबं ऱ्हायला पायजे." आणि तिची जनावरं खरोखर उभी राहायची. कोनाड्यात सात-आठ जनावरं ओळीनं, कुठंही न टेकता.

मग गावाकडून निरोप आला की तांबडी गाय व्याली. कालवड झाली, कपाळावर चंद्र आहे. आईला कधी एकदा जाऊन बघते असं झालं होतं, पण नानांना रजा नव्हती आणि एकटीनं जायची सोय नव्हती. तेव्हा न बघताच तिनं ते वासरू विणायला घेतलं. त्याच सुमारास शेजारीण कल्याणकडं आपल्या नातेवाइकांत राहायला गेली. जाताना आपली सुई तिनं आईच्या हातात ठेवली. दोघी रडल्या. ह्या खेपेला काय बोलल्या ते मला कळलं.

वासराचे तीन पाय झाले आणि आईला ताप आला.

विषमज्वर होता. पंधरा-वीस दिवसांनी उतरला. आई उठून बसायला लागली, पेज प्यायला लागली, आणि तिचे केस गळू लागले. फणी लावली की मूठमूठ यायचे. तिचे केस कमरेच्या खाली होते. मला ते बघून रडू यायचं आणि ती माझी चेष्टा करायची. "रडतीस काय, आपल्याला गुंतवळ मिळालं फुकटात." शेवटी तिनं त्याची चांगली लिंबाएवढी गुंडी केली आणि बटणांच्या डब्यात ठेवली. "ह्यानं वासराचा पाय भरू," म्हणाली. हे तिनं मला सांगितलं होतं. मी ऐकलं होतं.

ताप पुन्हा चढला. नानांनी कारखान्यातल्या साहेबाचे पाय धरले. साहेब भला माणूस होता. त्यानं खरं ते सांगितलं, की इथं बनतं ते औषध ह्या तापाचं नाही. मला त्या वयात एवढंच कळलं की नाना ज्या औषधाचा वास अंगाला घेऊन रोज घरी येतात, ते औषध आईला देत नाहीत. मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी आई गेली.

चाकणहून आत्या आली. तिनं आईला न्हाऊ घातलं, हिरवं लुगडं नेसवलं, ओटी भरली, आणि क्रोशाची सुई तिच्या उजव्या मुठीत दिली. "लई जीव हुता तिचा हिच्यात. मागं ऱ्हायली तर घुटमळंल," आत्या म्हणाली. तिनं ते मायेनंच केलं. सुई आईबरोबर गेली.

दहाव्या दिवशी पवनेच्या काठी पिंड ठेवला. कावळे समोरच्या झाडावर बसून होते, पण एकही खाली येईना. आईची काहीतरी इच्छा राहिलीय, असं सगळे कुजबुजायला लागले. नाना हात जोडून म्हणाले, "पोरीला सांभाळीन." कावळा हलला नाही. आत्या म्हणाली, "मी हितं ऱ्हाते, तिला न्हाणं-धुणं करते." नाही. कुणीतरी नानांना म्हणालं, दुसरं लग्न करणार नाही म्हणा. नाना तेही म्हणाले. आणि ते त्यांनी जन्मभर पाळलं. तरी कावळा येईना. ऊन चढलं होतं, वाळू पायाला चटके देत होती. मी एकदम ओरडले, "आये, वासराचा पाय मी पुरा करते!"

कावळा उतरला. आज वाटतं, त्याला भूक लागली असेल. पण तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं आणि आत्यानं मला पोटाशी धरलं. त्या दिवसापासून तो पाय विणणं माझ्याच्यानं झालं नाही तर आई अडकून पडेल, अशी भीती माझ्या मनात घर करून बसली.

पण सुई कुठं होती? मी नानांना सांगितलं. "आणतो," म्हणाले आणि विसरले. पुन्हा सांगितलं, पुन्हा विसरले. त्या दिवसांत ते जेवायलाही विसरत. आत्याला सांगितलं तर ती म्हणाली, "आदी डोकं बगू दे तुजं." माझ्या डोक्यात उवा झाल्या होत्या. एका दुपारी तिनं कात्री घेतली आणि माझे केस कानाच्या वरपर्यंत कापून चुलीत घातले.

त्यानंतर आठवडाभरातच सुया-पोतवाली आली. आत्या नदीवर धुणं घेऊन गेली होती. मी बाईला क्रोशाची सुई आहे का विचारलं. होती. "क्यांपातल्या सिंधी बाया मागत्यात म्हून ठेवती," ती म्हणाली. मी आत गेले, बटणांचा डबा उघडला आणि ती लिंबाएवढी गुंडी आणून तिच्या हातावर ठेवली.

तिनं गुंडी उकलून बघितली. "लांब हाय गं. कुनाचं?"

"आईचं."

"आई कुटं हाय?"

"गेली."

बाईनं गुंडी माझ्यापुढं धरली. "मग ह्ये दिऊ नगं बाळ. घरात इचार आदी."

मला राग आला. सगळे मला थांबवत होते. नाना विसरत होते, आत्या उवा बघत होती, आणि आता ही. "माझंच हाय ते. सुई द्या," मी म्हणाले. तिनं सुई दिली.

दोन दिवसांत मी पाय विणला. आईच्या मांडीवर बसून बघितलेलं होतं, त्यामुळं हात आपोआप वळत गेला. चुकलं की उसवलं, पुन्हा घातलं. पाय पुरा झाला, वासराला जोडायची वेळ आली, आणि मी भरायला गुंतवळ घ्यावं म्हणून बटणांचा डबा उघडला.

पुढं कित्येक वर्षं मी स्वतःला सांगत आले की लहान होते, ध्यानात राहिलं नाही. खोटं आहे. आईचं बोलणं मला शब्दन्‌शब्द आठवत होतं. पण गुंतवळ म्हणजे गुंतवळ, ते द्यायचंच असतं, आज गेलं तर उद्या पुन्हा येतं, असं बघतच मी वाढले होते. आईच्या केसांचं आता पुन्हा येणार नाही, हे मला डबा उघडेपर्यंत कळलं नाही. आई गेली, हे खरं म्हणजे मला तेव्हा कळलं. मी डब्यातली सगळी बटणं जमिनीवर ओतली आणि त्यात बोटं घालून शोधत बसले.

माझे केस आत्यानं कापलेले. आत्याचे केस आईच्या वासरात मी मेले तरी घातले नसते. शेवटी कापूस भरला. पाय जोडला. वासरू कोनाड्यात ठेवलं, ते पडलं. पुन्हा ठेवलं, पुन्हा पडलं.

संध्याकाळी नाना कामावरून आले आणि त्यांनी बटणांचा डबा उघडला. ते अधूनमधून उघडत. मला वाटायचं, सदऱ्याचं बटण शोधतात. ते डब्यात बघत राहिले. मग म्हणाले, "हितलं गुंतवळ?"

मी सांगितलं. मार बसेल म्हणून डोळे मिटून घेतले. नानांनी हात उगारला नाही. दुसऱ्या दिवसापासून ड्युटी सुटली की ते सायकल घेऊन त्या बाईला शोधायला जाऊ लागले. मला मागं बसवत, कारण तिला मीच ओळखणार होते. पहिल्या दिवशी चिंचवडला गेलो, दुसऱ्या दिवशी आकुर्डीला. तिसऱ्या दिवशी ती नदीपलीकडं काळेवाडीत सापडली. बाभळीखाली तिचं पाल होतं.

मला बघताच तिनं ओळखलं आणि आतून पोतं ओढून आणलं. तोंड उघडलं. पोतं अर्ध्याच्या वर केसांनी भरलेलं होतं, काळे, पांढरे, मेंदीचे, सगळे एकमेकांत गुंतलेले. "दादा, समद्या गावांचं हाय ह्यात," ती म्हणाली. "मी पोरीला बोलले हुते."

नानांनी कोपरापर्यंत हात आत घातला. एक गुंडी काढली, उजेडात धरली, नाकाशी नेली, परत ठेवली. दुसरी काढली. तिसरी. बाई पोत्याचं तोंड धरून उभी राहिली. माझे नाना तसे घाईचे माणूस होते, पण त्या दिवशी त्यांनी किती गुंड्या काढल्या आणि किती ठेवल्या ते मला सांगता येणार नाही. शेवटी बाईच म्हणाली, "पायजे तेवडं घिऊन जा. सुई परत नगं मला."

"न्हाई ताई," नाना म्हणाले. "दुसऱ्याचं कशाला."

येताना ते सायकलवर बसले नाहीत. सायकल हातात धरून चालत राहिले, मी मागून. नदीपाशी आल्यावर थांबले आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "काय केलंस त्या सुईनं?"

वासरू माझ्या परकराच्या ओच्यात होतं. तीन दिवस मी ते तिथंच ठेवलं होतं, बाई सापडली तर तिथल्या तिथं पाय भरता येईल म्हणून. मी ते त्यांच्या हातात दिलं. नानांनी सायकलच्या सीटवर ते उभं केलं. तिन्ही पाय टेकले, चौथा मुडपला, वासरू कलंडायला लागलं. पडायच्या आत नानांनी त्या पायाला अंगठा लावला. दहाव्याला ते रडले नव्हते. आता त्यांच्या नाकावरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता, दुसरा सायकल धरण्यात अडकला होता.

"हुबं हाय की," नाना म्हणाले, आणि अंगठा काढला नाही.