खालच्या आवाजातलं बोलणं

हिरा वानखडे हिला पगार ऐकण्याचा मिळायचा. सकाळी विश्रांतवाडीहून बसनं नगर रस्त्याला यायचं, तिसऱ्या मजल्यावरच्या स्पंज ठोकलेल्या खोलीत बसायचं, कानांवर हेडफोन चढवायचे आणि अजून बाजारात न आलेले मोबाइल बोलतात कसे ते ऐकायचं. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा होता. नोकरीला तीन वर्षं झाली होती, पण दर सहा महिन्यांनी कंत्राटाचा नवा कागद. बाप रामदास यवतमाळकडून आलेला. एका कारखान्यात एकोणीस वर्षं बदली कामगार म्हणून राबला आणि बदलीच राहून घरी बसला. पोरगी कायम झाली पाहिजे एवढं एकच त्याचं मागणं, आणि ते तो रोज जेवताना मागायचा.

दोन हजार आठच्या मार्चात तसा योग आला. लॅबच्या प्रमुख मंदाकिनी मॅडमनी सांगितलं, खेड्यापाड्यात विकायचा एक स्वस्त फोन तपासायचाय. पंचवीस तारखेच्या आत तो पास झाला की कायम करायच्या यादीत आपलं नाव. यादी पंचविसालाच वर जाणार होती. आणि पास करायचं म्हणजे अहवालावर हिराची सही लागणार होती.

फोनातली भानगड तशी साधी. माणूस घटकेत ओरडतो, घटकेत कुजबुजतो, आणि एवढ्याशा डबीला दोन्ही झेपत नाही. ओरडणं जसंच्या तसं पाठवलं तर पलीकडच्याच्या कानात पत्रा फाटल्यागत होतं. म्हणून आत एक प्रोग्रॅम बसवलेला. मोठा आवाज आला की दाबायचा, बारीक आला की उचलायचा. तो लॅबमधल्याच, हिरासारख्याच कंत्राटावरच्या, नागपूरच्या प्रज्ञेशनं लिहिलेला. एकदा दाबल्यावर हात किती वेळानं काढायचा, तेही त्यानंच ठरवलेलं, दोन सेकंदांनी. लवकर काढला तर शब्दांच्या फटींतून मागच्या पंख्याची घरघर वर येते, खाली जाते, झोपलेल्या म्हाताऱ्याच्या छातीसारखी. ते प्रज्ञेशला सोसायचं नाही.

तपासणीसाठी गिऱ्हाईक कंपनीनं चाळीस वाक्यं दिली होती. ती ऑफिसातल्याच मंडळींनी माइकसमोर बसून, पाणी पिऊन, एका पट्टीत वाचलेली. फोनातून ती सगळी गुळगुळीत यायची. अठरा तारखेला हिरानं अहवाल जवळजवळ भरला. सही तेवढी राहिली.

एकोणिसाला दुपारी मालनबाईंचा फोन बंद पडला. त्या वाघोलीच्या; लॅबची झाडलोट आणि चहा बघायच्या. माहेरची म्हैस विकायची होती, गिऱ्हाईक अंगणात येऊन बसलं होतं आणि भावाला, शंभूला, निरोप द्यायचा होता. हिरानं तपासणीतला फोन दिला. म्हणाली, बोला खुशाल, फक्त मी ऐकेन आणि तुमचा आवाज भरून घेईन. मालनबाई म्हणाल्या, घ्या की, त्यात काय चोरी हाय?

चोरी होती. शंभूनं फोन घेतल्याबरोबर मालनबाईंनी अंगणातल्या पाहुण्यालाही कळावं असा सूर लावला. "शंभू, पाव्हणं आल्यात न्हवं? च्या पाज म्हणावं, सायीचा!" आणि त्याच दमात पदर तोंडाशी धरून, खाली मान घालून बोलल्या, "धार काढताना पाय झाडती, ते आपणहून सांगू नगं."

फोननं चहा दाबला आणि दाबलेला हात दोन सेकंद तसाच ठेवला. धार, पाय, झाडणं, सगळं त्याखाली गेलं. हात निघाला तेव्हा शेवटचे दोनच शब्द उरले होते. पलीकडून शंभू खणखणीत ओरडला, "म्हशीचं काय सांगू नगं म्हणतीस, आक्का?"

पाहुण्यानं चहा घेतला आणि म्हैस न घेता गेला.

"बाई, तुमच्या फोननं म्हस आमच्याच दारात ठिवली," मालनबाई हिराला म्हणाल्या आणि कपबश्या आदळत गेल्या.

हिरानं ते बोलणं सहा वेळा ऐकलं. तिचा बापही असाच बोलायचा. 'जय भीम' घालायचा तो अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा, आणि कामाचं मग हनुवटी छातीला लावून. गावाकडं आधी ओरडतात ते चारचौघांसाठी, आणि मतलबाचं असतं ते त्याच्या पाठोपाठ बारीक आवाजात. चाळीस वाक्यांत असं बोलणारं माणूस एकही नव्हतं. तिनं हात उचलायची वेळ दोन सेकंदांवरून पाव सेकंदावर आणली. मालनबाई अख्ख्या ऐकू आल्या. पंखाही आला.

प्रज्ञेशला तिनं दोन्ही ऐकवलं. तो म्हणाला की तिचं खरं आहे, पण सही त्याला मागितली तर तो दोन सेकंदांच्या वेळेवरच करेल. मालनबाईंची अट वेगळी होती. आवाज कुणालाही ऐकवा, पण शनिवारच्या बाजारात म्हस गेल्यावर. शनिवारी म्हैस गेली. सोमवारी हिरा मॅडमच्या खोलीत गेली.

मंदाकिनी मॅडमनी शेवटपर्यंत ऐकलं. हेडफोन काढून नीट ठेवला.

"चाळीस वाक्यांत म्हैस कितव्या नंबरला आहे?"

"नाही, मॅडम."

"मग आपण ती लॅबमध्ये का आणली?"

"फोन तिच्याच गोठ्यात वाजणार आहे म्हणून."

"आपण सही करा आणि खाली टीप लिहा. टिपा कोणी वाचत नाही, त्यामुळे कोणाला त्रासही होत नाही."

"मी नापास लिहिणार आहे, मॅडम."

मॅडमनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. "उद्या पंचवीस आहे, हे मी आपल्याला सांगितलं असं धरते."

हिरानं नापास लिहिलं, सही केली आणि मालनबाईंचा आवाज सोबत जोडला. यादी दुसऱ्या दिवशी वर गेली. तिच्यात प्रज्ञेशचं नाव होतं.

गिऱ्हाईक कंपनीचं उत्तर दोन एप्रिलला आलं. दोन सेकंदांची वेळ बदला, आणि खेड्यातले दोनशे आवाज भरून पाठवा. मंदाकिनी मॅडमनी ते पत्र हिराच्या टेबलावर स्वतः आणून ठेवलं, त्याखाली सहा महिन्यांच्या कंत्राटाचा नवा कागद.

रामदासनं दोन दिवस जेवताना आपलं मागणं काढलं नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "म्हणजे तुझं बरोबर होतं."

"हो."

"आणि कायम नाही."

"नाही."

त्यानं भातावर वरण ओतलं आणि कालवायला घेतलं.

पुढच्या आठवड्यात हिरा वाघोलीच्या बाजारात यंत्र घेऊन बसली. पहिल्या दिवशीचे अकरा आवाज फुकट गेले. माइक दिसला की माणसं ग्रामसभेत उभी राहिल्यागत सरळ, सभ्य आणि एका पट्टीत बोलायची. हिंमतराव नावाचे कांद्याचे एक व्यापारी तर नाव, गाव, शिक्षण सांगून हात जोडूनच थांबले. हिरानं प्रश्नांचा कागद बाजूला ठेवला आणि विचारलं, काका, आज कुणाला फोन करायचाच आहे का? होता, व्याह्याला. तिनं फोन पुढे केला. हिंमतरावांनी नंबर लावला, नमस्कार असा घातला की शेजारच्या पाटीवरची बाई वळून बघायला लागली. मग ते उठले, हिराकडे पाठ केली आणि मान खाली घातली. यंत्रावरची सुई झटकन पडली. ती किती वेळात पडली, ते हिरानं लिहून घेतलं.