हिवरखेडला एक दिवस उशिरा

पुढे मुंबईत मोठ्या चॅनलवर मी बरीच वर्षं बातम्या वाचल्या. कोट घातला, कानात यंत्र खोचलं, समोर सरकणारी अक्षरं न अडखळता म्हटली. पण बातमी वाचायला शिकले ती अकोल्यात, एका सायकलच्या दुकानावरच्या माडीत. तिथं आमचं केबलचं चॅनल होतं. चॅनल म्हणजे एक खोली, एक कॅमेरा आणि मागं निळा पडदा. पंख्याचा आवाज येतो म्हणून रेकॉर्डिंगच्या वेळी तो बंद करत, आणि माझी पावडर हनुवटीपर्यंत ओघळून येई.

बातम्या लिहायचे चाचा. संपादक तेच, बातमीदारही तेच. उर्दू आणि मराठी, दोन्ही वर्तमानपत्रांत उमेदवारी करून पिकलेला माणूस. जुन्या कॅलेंडरची पाठकोरी पानं घेऊन त्यावर ते स्केचपेननं मोठ्या अक्षरात बातमी लिहायचे आणि कॅमेऱ्याशेजारी स्वतः धरून उभे राहायचे. ती कापसाची पडती वर्षं होती. खरेदी केंद्र कधी उघडणार, गाड्या किती दिवसांपासून रांगेत उभ्या आहेत, बियाणं आलं की नाही, सगळ्या बातम्या त्याच. कधी एखाद्या शेतकऱ्याची बातमी अशी यायची की पान धरायच्या आधी चाचा पाणी पिऊन घेत.

चार वाजता रेकॉर्डिंग व्हायचं. अकोल्यात ते सातला दिसे. कॅसेटची एक प्रत अकोटच्या एसटीत कंडक्टरच्या हाती दिली जाई, ती अकोटचा केबलवाला त्याच रात्री लावायचा. तीच कॅसेट दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं हिवरखेडला जायची आणि तिथं संध्याकाळी दिसायची. म्हणजे हिवरखेडकरांना आमच्या बातम्या एक दिवस शिळ्या मिळायच्या. त्यामुळे चाचांचा एकच कडक नियम होता: आज, उद्या, परवा हे शब्द तोंडातून निघता कामा नयेत. वार सांगायचा. "बेटी, अपना बुलेटिन बस से जाता है," असं ते मला दर आठवड्याला एकदा तरी ऐकवत.

मला तो नियम गावठी वाटायचा. मुंबईच्या चॅनलवरच्या बाया कशा सहज "आज" म्हणायच्या. मी आरशासमोर त्यांची नक्कल करायची. माझ्या डोक्यात तेव्हा वारं शिरलं होतं, दुसरं काही नाही.

एका रविवारी चाचा लग्नाला गेले होते. पान कॅमेरामनच्या हातात होतं. शेवटची बातमी होती मोतीबिंदूच्या मोफत शिबिराची, बाहेरगावचे डॉक्टर एकाच दिवसासाठी अकोल्यात येणार होते. पानावर लिहिलं होतं "मंगळवारी". मी गोड हसून "परवा" म्हणाले. कॅमेरामनला ते जाणवलंही नाही. एसटीची वेळ झाली होती, कॅसेट गेली.

बुधवारी दुपारी एक म्हातारे गृहस्थ भिंत चाचपत आमचा जिना चढून आले. हिवरखेडचे टेलर मास्तर. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. सुईत दोरा बायको ओवून द्यायची, पण आता शिलाई सरळ येत नव्हती आणि मशीन बंद ठेवायची पाळी आली होती. मी नमस्कार म्हटल्याबरोबर त्यांनी आवाजावरून मला ओळखलं. टीव्ही ते बघत नसत, फक्त ऐकत. गल्लीत टीव्ही फक्त त्यांच्याच घरी, त्यामुळे बातमी ऐकून त्यांनी मोतीबिंदू झालेल्या शेजारच्या तिघांना गोळा केलं होतं आणि सगळे बुधवारी शिबिराला आले होते. मैदानावर मंडप सोडत होते. अकोटचे लोक मात्र तीच बातमी ऐकून बरोबर मंगळवारी येऊन गेले होते. त्यामुळे ती तिघं खाली पायरीवर बसून मास्तरांना बहिरा म्हणत होती.

मास्तर भांडायला आले नव्हते. त्यांना एवढंच विचारायचं होतं.

"बाई, तुमी कोन्ता वार सांगतला होता?"

रविवारचं पान टेबलावरच पडलं होतं. मी त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "मंगळवार."

ते जिन्याकडे वळले. मग म्हणाले, "मंग माह्या कानाचाबी भरोसा गेला म्हना."

आणि भिंत चाचपत खाली उतरले. मी खिडकीतूनही बघितलं नाही. इतकी लाज मला आयुष्यात पुन्हा कधी वाटली नाही, आणि त्यानंतर लाज वाटावी असं मी बरंच काही केलं आहे.

संध्याकाळी चाचांना सगळं सांगितलं. ओरडतील म्हणून मी तयारीत होते. ते ओरडले नाहीत. म्हाताऱ्याचं ऑपरेशन आणि म्हाताऱ्याची अब्रू, दोन्ही तू घेतलीस, एवढंच म्हणाले, आणि चष्मा पुसत बसले. गुरुवारी रेकॉर्डिंगच्या आधी चॅनलच्या मालकांना मात्र बातम्यांत माफी मागणं पटेना. चार माणसांसाठी अख्ख्या जिल्ह्यासमोर नाक घासायचं काय कारण, गुपचूप हिवरखेडला जाऊन सांगून ये, असं त्यांचं म्हणणं. चाचांनी त्यांना बाहेर नेलं. काय बोलले ते मला कधीच कळलं नाही, पण मालक परत आले ते पंखा बंद करा म्हणतच.

त्या दिवशी चाचांनी पान धरलं नाही. म्हणाले, हे तुझं तू बोल. मी बोलले की रविवारच्या बातमीत शिबिराचा वार मी सांगितलाच नाही, परवा म्हणाले, त्यामुळे हिवरखेडचे लोक एक दिवस उशिरा पोचले. ज्यांनी ती बातमी ऐकून दुसऱ्यांना सांगितली त्यांनी बरोबरच ऐकलं होतं. आणि विचारायला आले तेव्हा मी खोटं बोलले, हेही सांगितलं. तेच डॉक्टर सोमवारी अमरावतीला शिबिर घेणार होते. तो वार मी दोनदा सांगितला.

सोमवारी कॅमेरामनला घेऊन मी पहिल्या गाडीनं अमरावतीला गेले. शिबिराची बातमी करायची, हे निमित्त. खरं म्हणजे फाटकापाशी उभं राहून येणारा माणूस न् माणूस बघायचा होता. हिवरखेडहून यायचं तर अकोटला गाडी बदलायची, अर्धा दिवस जातो. अकरा वाजले, बारा वाजले. आतल्या पोरींनी नाव-नोंदणीचं टेबल आवरायला घेतलं तेव्हा मी त्यांना हात जोडून थांबवलं. मास्तर आले नाहीत तर पुन्हा कॅमेऱ्यासमोर बसायचं नाही, असं मी मनाशी ठरवूनही टाकलं होतं.

साडेबाराला ऑटोतून चौघं उतरली. मास्तर पुढे, त्यांच्या खांद्यावर हात ठेवून शेजारची एक म्हातारी, मागे दोघं. मी धावत गेले. माफी मागितली, पुन्हा मागितली. मास्तरांनी हातानं, राहू दे, अशी खूण केली आणि टेबल कुठं आहे ते विचारलं. त्यांची चिठ्ठी फाडून झाली, मग बाकीच्यांची. मला इतकं हलकं वाटत होतं की उगीच बोलत सुटले. म्हातारीला विचारलं, "माझी बातमी ऐकूनच आल्या ना, आजी?"

म्हातारीनं माझ्या दिशेला तोंड केलं.

"तुह्या टीवीचा भरोसा नाही आमाले," ती म्हणाली. "मास्तरनं सांगतलं म्हून आलो."