यादीत नसलेलं सहावं नाव

मशीन बंद पडलं की का पडलं ते शोधणं, हाच माझा धंदा. कारण नाही असं कधी होत नाही, आपल्याला सापडलेलं नसतं... हे मी ऑफिसात नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवत आले आहे. घरातही तेच. माधव नगरातल्या आमच्या गल्लीत कुणाला बाधा झाली, कुणाची नजर उतरवली अशा गोष्टी निघाल्या की मी उठून चहा टाकायला जायचे. त्यामुळे हे लिहिताना जरा ओशाळल्यासारखंच होतंय. पण दोन वर्षं मनात ठेवलं, आता ठेववत नाही. जसं घडलं तसं सांगते.

आमचं ऑफिस टावर चौकाच्या मागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर. आसपासच्या पॅथॉलॉजी लॅबचे रिपोर्ट सांभाळून ठेवायचं काम. त्यासाठी एका बंद, थंडगार खोलीत पाच सर्व्हर एकमेकांना जोडून ठेवले होते. त्याला क्लस्टर म्हणतात. एक पडला तर बाकीचे सांभाळून घेतात. नावं मीच ठेवली होती, आपल्या माळव्यातल्या नद्यांची – शिप्रा, गंभीर, चंबळ, कालीसिंध, नर्मदा. एक लहानसा प्रोग्रामही मीच लिहिला होता. तो दर मिनिटाला प्रत्येकाला हाक मारायचा. ओ आली नाही तर टीमच्या चॅट ग्रुपवर मेसेज पडायचा, ‘चंबळ डाउन’. परत ओ आली की ‘चंबळ अप’. बस, एवढंच. ग्रुपवर रोज लक्ष ठेवणारे आम्ही दोघंच, मी आणि पंकज.

मार्चमधली दुपार होती. मी डबा खाऊन हात धुवत होते. पंकजने आवाज दिला, “मैडम, ये आक्का कौन सा सर्वर है?”

मी मोबाइल पाहिला. इंग्रजी अक्षरांत, रोजच्यासारखाच मेसेज... ‘आक्का डाउन’.

आक्का म्हणजे माझ्या सासूबाई. तेव्हा वय एकोणऐंशी. मुलींच्या शाळेत जन्मभर गणित शिकवलेलं, त्यामुळे जीभ आणि डोकं दोन्ही धारदार. घरात सगळे त्यांना आक्का म्हणतात, पण ऑफिसात हे नाव कुणाला ठाऊक असायचं कारण नव्हतं. मला वाटलं पंकजने कुठून तरी ऐकलं असेल आणि मस्करी करतोय. त्याच्याकडे बघितलं तर तो खरोखरच यादी उघडून शोधत होता. यादीत पाचच नावं.

मी घरी फोन लावला. बेल वाजत राहिली. दोनदा, तीनदा. दुपारी आक्का एकट्याच असतात, हे देवासला बँकेत जातात. काय वाटलं कोण जाणे, मी स्कूटर काढली आणि दहा मिनिटांत घरी.

आक्का पुढच्या खोलीत आरामखुर्चीत बसल्या होत्या. डोळे अर्धे उघडे. श्वास अगदी संथ, नाडी बरोबर. पण हाक मारली, खांदा हलवला, पाणी शिंपडलं... काही नाही. मी डॉक्टरांना फोन लावतच होते तेवढ्यात हातातला मोबाइल थरथरला. ‘आक्का अप’.

“तू गं कशी काय या वेळेला?” आक्का म्हणाल्या. “आणि मला भिजवलंस का?”

त्यानंतर सगळे सोपस्कार झाले. इंदूरला नेऊन मेंदूचा फोटो काढला, आलेख काढला, रक्त तपासलं. सगळं नॉर्मल. “वय आहे, झापड लागते,” डॉक्टर म्हणाले. ह्यांनी तेच धरून ठेवलं. मेसेजचं सांगितलं तेव्हा म्हणाले, “मृणाल, तुमच्या प्रोग्राममध्येच काहीतरी लोच्या असणार.”

मलाही तेच वाटत होतं, वाटायला हवं होतं. पंकजने आणि मी एक-एक ओळ तपासली. आक्का हे नाव कुठेच नव्हतं. आणखी विचित्र म्हणजे काय मेसेज पाठवला याची नोंद मशीनवर राहते. त्या नोंदीतही हे मेसेज नव्हते. ग्रुपवर होते, पाठवणाऱ्याच्या जागी आमच्याच प्रोग्रामचं नाव होतं, पण प्रोग्रामने ते पाठवलेच नव्हते.

आठवड्यातून दोनदा-तीनदा व्हायचं, नेहमी दुपारी. चार मिनिटं, मग नऊ, मग अकरा. एका रविवारी मी मुद्दाम त्यांच्यासमोर मोबाइल घेऊन बसले. आक्का भाजी निवडत होत्या. मेसेज आला ‘डाउन’, मी वर पाहिलं, आणि मेथीची काडी त्यांच्या बोटांत तशीच राहिली होती. सोळा मिनिटांनी ‘अप’ आला तेव्हा ती काडी मोडली आणि त्यांनी पुढची उचलली.

“आक्का, तुम्ही आत्ता कुठे होतात?” मी विचारलं. का विचारलं, ठाऊक नाही.

त्यांनी तीही काडी मोडली. मग म्हणाल्या, “तुझ्या त्या खोलीत फार गार आहे बाई. पण बरं वाटतं. इथे काय भट्टी पेटलीय.”

“कुठल्या खोलीत?”

“ती काय, हिरवे दिवे लुकलुकतात ती. सारखी घूं-घूं चालू. तो एक निळा स्वेटर घालून येतो, काहीतरी बघतो आणि जातो.” आणि मग जरा तक्रारीच्या सुरात, “बसायला काही ठेवलेलं नाही गं तिथे. गुडघे भरून येतात.”

आक्का आमच्या ऑफिसात कधीही आलेल्या नव्हत्या. दोन मजले चढणं त्यांच्या गुडघ्यांना शक्यच नव्हतं. आणि पंकज, भर उन्हाळ्यात, त्या खोलीत जाताना खुंटीवरचा निळा स्वेटर घालतो.

दुसऱ्या दिवशी मी काय केलं असेल? हसू नका... मी त्या खोलीत एक खुर्ची नेऊन ठेवली. पंकजने पाहिलं. थोड्या वेळाने उठला आणि त्याच्या खुर्चीवरची उशी त्या खुर्चीवर ठेवून आला.

त्या दुपारी सव्वीस मिनिटं. जाग्या झाल्यावर आक्का म्हणाल्या, “आज बसले हो.”

खरं सांगायचं तर मला भीती वाटेनाशी झाली होती. आता तेच सगळ्यात चुकीचं वाटतं. त्या जातात, येतात, बऱ्या असतात, आणि मला कळतं तरी... असं मी मनाला समजावत होते. तेवढ्यात मालकांनी जाहीर केलं की आता सगळं भाड्याच्या सर्व्हरवर हलवायचं, ही मशिनं विकून टाकायची. इंदूरचा एक व्यापारी नेणार होता. दिवस ठरला, वेळ ठरली. दुपारी दोन.

मी सुट्टी घेतली आणि पंकजला सगळं सांगितलं. सगळं म्हणजे जे तो आधीच समजून होता ते. बंद करताना आक्का ‘डाउन’ असल्या तर?

“आप फिकर मत करो मैडम,” तो म्हणाला. “आप बोलोगे तभी बंद करूँगा.”

त्या दिवशी मी आक्कांना दुपारी जागं ठेवायचा आटोकाट प्रयत्न केला. पत्ते काढले, कॉफी केली, जुने अल्बम आणले. आक्का म्हणाल्या, “आज तुला झालंय काय?” आणि पाऊण तास आम्ही रमी खेळलो. एक अठ्ठेचाळीसला मेसेज आला. पत्ते त्यांच्या हातात पंख्यासारखे धरलेले तसेच.

दोन वाजले. पंकजचा फोन. “मैडम, गाड़ीवाला नीचे खड़ा है.”

“थोडं थांबव त्याला. आत्ताच नाही.”

सव्वादोनला पुन्हा. “सर का दो बार फोन आ गया. मैंने बोला बैकअप चल रहा है.” मागे माणसांचे आवाज, काहीतरी ओढल्याचा आवाज. “कितनी देर और?”

मला काय ठाऊक? सव्वीस मिनिटं उलटून गेली होती. मी आक्कांच्या कानाशी हाका मारत होते, आक्का या, आक्का आता परत या. दोन वाजून एकतीस मिनिटांनी मोबाइल थरथरला. ‘आक्का अप’.

त्याच क्षणी चालूच ठेवलेल्या फोनवर पंकज ओरडला, “आ गया मैडम! बंद करूँ?”

“कर,” मी म्हणाले.

मोबाइलकडे बघत म्हणाले. आक्कांकडे बघितलंच नव्हतं.

एकामागून एक मेसेज पडत गेले. ‘शिप्रा डाउन’. ‘गंभीर डाउन’. ‘चंबळ डाउन’. ‘कालीसिंध डाउन’. प्रोग्राम नर्मदेवर चालायचा, त्यामुळे तिचा मेसेज आला नाही, नुसती शांतता झाली. मग मी मान वर केली.

आक्का तशाच होत्या. पत्ते हातात, डोळे अर्धे.

मी पंकजला पुन्हा फोन लावला, चालू कर म्हणाले, काय म्हणाले ते नीट आठवत नाही. तारा काढून झाल्या होत्या. त्याने जिन्यात व्यापाऱ्याच्या माणसांना अडवलं, मशीन परत वर आणायला लावलं, मालकांच्या शिव्या खाल्ल्या. पण काही जोडायच्या आतच, दोन वाजून चाळीस मिनिटांनी आक्कांनी डोळे उघडले. हातातल्या पत्त्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि मला हसून म्हणाल्या, “पाणी देतेस का?”

मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून रडले.

या गोष्टीला दोन वर्षं झाली. आक्का ठणठणीत आहेत, पुन्हा कधी तसं झालं नाही. जेवण नीट, सगळ्यांना ओळखतात, हिशेब अजून तोंडी करतात. त्या खोलीबद्दल विचारलं तर म्हणतात, “कसली खोली?” ह्यांच्या मते झापड होती, ती गेली. पंकज आता पुण्याला आहे. आम्ही फोनवर बोलतो, पण त्या नऊ मिनिटांबद्दल नाही. ‘अप’ आला होता तर त्या नऊ मिनिटांत त्या कुठे होत्या... आणि तो मेसेज नक्की कुणासाठी होता? मी कितीदा मांडून पाहिलं. तुमच्यापैकी कुणाला उत्तर सुचलं तर जरूर लिहा.

फक्त एक आहे. त्या आता दुपारी झोपत नाहीत. जेवण झालं की खुर्ची दाराकडे वळवून बसतात, संध्याकाळपर्यंत. गेल्या महिन्यात मी शेवटी विचारलं, “कुणाची वाट बघता रोज?”

“ती यायचीय ना अजून,” त्या म्हणाल्या.

“कोण?”

त्यांनी माझ्याकडे नवल वाटल्यासारखं पाहिलं, एवढंही कसं कळत नाही अशा नजरेने.

“आक्का.”

मी दुसरी खुर्ची ओढली आणि त्यांच्या शेजारी, दाराकडे तोंड करून बसले.