एक कुलूप राहिलं

आमची वहिनी वीजकेंद्रात इंजिनियर आहे. कुठलं यंत्र कधी बंद करायचं, कसं दुरुस्त करायचं आणि पुन्हा कधी सुरू करायचं, हे सगळं तिच्या शब्दावर चालतं. माझा दादा तिथेच फिटर. म्हणजे घरी नवरा आणि कामावर हुकमाचा ताबेदार! लग्न ठरलं तेव्हा आमच्या काकूने नाक मुरडलं होतं. मी मात्र मनातून खूश होते. दादासारख्या विसरभोळ्याला कोणीतरी खमकी हवीच होती.

वहिनीचा एक नियम आहे. दुरुस्तीसाठी यंत्रात शिरणाऱ्या प्रत्येकाने आधी त्या यंत्राच्या स्विचला स्वतःचं कुलूप लावायचं आणि किल्ली खिशात ठेवायची. बाहेर आलं की ज्याचं त्याने काढायचं. शेवटचं कुलूप निघेपर्यंत तो स्विच कोणाच्या बापाला चालू करता येत नाही. नियम तसा सगळ्याच केंद्रांत असतो म्हणे, पण वहिनीचा त्यात जीव अडकलाय.

हे सगळं घडलं त्याच्या आदल्या संध्याकाळी मी आणि माझे मिस्टर दादा-वहिनीकडे गेलो होतो. दादाला अवदसा आठवली. मेन स्विच बंद न करता त्याने गिझर उघडला. वहिनीने ते पाहिलं आणि आम्हा दोघांसमोरच त्याला फैलावर घेतलं. "मरायची एवढी हौस असेल तर आधी मला सांगत जा!" घरच्या जावयासमोर अशी शोभा झाल्यावर दादाचं तोंड जे फुगलं, ते सकाळीही फुगलेलंच. त्याने अबोला धरला आणि तसाच कामावर गेला.

पुढचं मला नंतर कळलं. बॉयलरला हवा पुरवणारा एक पंखा आहे, खोलीएवढा. त्याच्या पोटात शिरून दुरुस्ती चालली होती. काम आटोपलं, माणसं बाहेर आली, ज्याने त्याने आपापलं कुलूप काढलं. एक राहिलं. प्रत्येक कुलपावर मालकाचा फोटो चिकटवलेला असतो. या फोटोतून दादा वहिनीकडे बघत होता.

त्याचा फोन बंद. मोठे साहेब घाईवर आले होते. शहराला वीज कमी पडत होती आणि वरून फोनवर फोन येत होते. "मॅडम, तुमच्या मिस्टरांचा विसरभोळेपणा काय आम्हाला ठाऊक नाही? किल्ली खिशात घालून गेले असतील घरी. कुलूप तोडायला सांगू?"

"असतील म्हणून मी पंखा फिरवणार नाही, साहेब," वहिनी म्हणाली.

बॅटरी घेऊन ती स्वतः पंख्यात उतरली. हाका मारल्या. पुढे हवेचा लांबलचक अंधारा बोगदा आहे, त्यात माणसं पाठवली. कोणी सापडलं नाही. पण बाहेर खुंटीला दादाचा जेवणाचा डबा लटकलेला दिसला, भरलेला. तेव्हा मात्र वहिनीच्या पायाखालची जमीन सरकली. माणूस घरी गेला असेल, तर डबा इथे कसा? गेटवाल्यालाही खात्रीने काही सांगता येईना. साहेब पुन्हा म्हणाले, आत कोणी नाही हे आता बघून झालंय. वहिनी म्हणाली, "आत दिसला नाही हे खरं. पण बाहेर तरी कुठे दिसलाय? तो डोळ्यांना दिसेपर्यंत कुलपाला हात लावायचा नाही." तिने केंद्राची गाडी काढायला लावली. घराला टाळं होतं. मग ती माझ्याकडे आली.

आणि आमचे बंधुराज? कोणाला न सांगता अर्ध्या दिवसातच निघून येऊन माझ्या स्वयंपाकघरात चहा पीत बसले होते!

"काम संपवून कुलूप काढायला गेलो, तर ही स्विचरूमच्या दारातच उभी होती," तो मला तावातावाने सांगत होता. "तिच्या अंगावरून जायचं, म्हणजे बोलावं लागलं असतं. मी दारातूनच मागे फिरलो. डबाही ठेवला खुंटीलाच. तिने भरलेला डबा मला नको!"

इतक्यात माझी नजर त्याच्या मागे गेली. दारात वहिनी उभी. केस विस्कटलेले, कपड्यांवर काजळी. आता याची खैर नाही, असं वाटून मी तोंड उघडलं, तर तिने ओठांवर बोट ठेवलं.

दादा चालूच. "काय तो ताठा! काय ती जीभ! हिच्यापेक्षा एखाद्या ट्रान्सफॉर्मरशी लग्न केलं असतं तर बरं. तो निदान गुणगुणतो तरी!"

वहिनीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. माझा चेहरा बघून दादाने मागे वळून पाहिलं.

"थांबलास का?" वहिनी म्हणाली. "बोल ना. अजून बोल." आणि दाराला टेकून ती हमसून हमसून रडायला लागली.

दादाचा हात खिशाकडे गेला. किल्ली हाताला लागली तसा त्याचा चेहरा पांढराफटक पडला. त्याने ती पुढे केली.

"मला कशाला देतोस?" डोळे पुसत ती म्हणाली. "ज्याचं त्याने काढायचं. चल."

गडबडीत तो माझ्या मिस्टरांच्या चपला घालून निघाला. गाडीत बसेपर्यंत वहिनीने त्याची बाही सोडली नव्हती.

मी देवाचे किती आभार मानले, ते माझं मलाच माहीत. थोड्या वेळाने वहिनीचा फोन आला. "सुरू झाला गं पंखा." मागून दादाची कुरकुर ऐकू येत होती: साहेबांनी झापलं, सगळे हसले, आणि सगळं काय तर हिच्यामुळे. वहिनी माझ्याशी काही बोलेना, फोनही ठेवेना. ती त्याचं ऐकत होती.